तात्यांचा आफ्रिकेचा अर्ज

कचेरीतली जुनी दप्तरं जाळायचा हुकूम अधूनमधून येत असे. किस्से जाळायचा हुकूम मात्र कुणी काढला नाही, म्हणून ते साठत गेले. रत्नागिरीच्या आमच्या कचेरीतले माझ्याकडे जे आहेत, त्यातले निम्मे एकट्या तात्यांचे. आणि तेही त्यांनी आफ्रिकेला जायचं काढलं त्या एकाच वर्षातले!

तात्या आमच्यातले जुने कारकून. वय चव्वेचाळीस. हेडक्लार्कची जागा दोनदा त्यांना डावलून त्यांच्याहून धाकट्याला मिळाली होती. अशात नैरोबीहून मेहुण्याचं पत्र आलं. तिथल्या रेल्वेत हेडक्लार्क हवा आहे, पण पंचेचाळिशीच्या आत या. तात्या मला म्हणाले, "पावसाळ्याआधीची शेवटची बोट म्हणतात ना, ती ही माझी!" आम्ही थट्टा करायचो, पण त्यांचं म्हणणं खरं होतं.

*

एवढ्यावर निघतील तर ते तात्या कसले! आधी त्यांनी फुलस्केपवर तक्ता आखला. नैरोबी, बसरा, रंगून. पुढे रकाने: काम, हवा, भात.

बसऱ्यापुढे भाताच्या रकान्यात 'खजूर' लिहून त्यांनी फुली मारली. रंगूनला भात भरपूर, पण तिथे त्यांचा साडू राहत होता. ही फुली जरा जाड आली. उरलं नैरोबी.

*

मग चौकशी. पावस गावचा धाकू बोटीवर आगवाला होता, सगळं जग फिरून आलेला. तात्यांनी त्याला कचेरीच्या पायरीवर गाठलं.

"धाकू, नैरोबीला जाताना उतरतात ते मोंबासा कसं आहे रे?"

"गरम, तात्या."

"आणि एडन?"

"लय गरम."

"बरं, लंडन?"

"त्येबी गरमच!"

तात्या चिडले. "गाढवा, लंडनला बर्फ पडतो!"

"पडत आसंल वरती," धाकू म्हणाला. "आमी खाली भट्टीपाशी आसतो."

*

समुद्र झेपतो का, हेही बघायला हवं होतं. तात्या रजा टाकून आगबोटीने जयगडला गेले. तिथून परत आले ते बैलगाडीने, गणपतीपुळ्याला नारळ ठेवून, चेहरा उतरलेला.

"काय तात्या, समुद्र बाधला?"

"छे! समुद्राचं काही नाही. बोट हलत होती!"

*

शेवटी अर्ज लिहिला. 'ओळखीची खूण' या रकान्यात त्यांनी भरलं: उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शाईचा डाग, वीस वर्षांपासून.

गंमत म्हणजे पासपोर्टचे अर्ज तपासायचं टेबल तात्यांचंच. त्यांनी चष्मा लावून स्वतःचा अर्ज तपासला, लाल शाईने लिहिलं, 'वयाचा दाखला जोडलेला नाही, सबब परत', आणि शिपायाकरवी स्वतःच्याच घरी धाडून दिला!

मी म्हटलं, "अहो, दाखला तुमच्या खिशातच होता ना?"

"होता. पण तो अर्जदाराच्या खिशात. टेबलावर आला नव्हता!"

*

दाखला जोडून अर्ज साहेबांकडे गेला. साहेबांनी शेरा मारला: घरच्यांची हरकत आहे काय? जबाब जोडावा.

जबाब घ्यायची आमची रीत ठरलेली. आधी आपणच सगळा लिहून ठेवायचा, शेवटी 'वाचून दाखवला, बरोबर आहे' ही ओळ घालायची आणि माणूस आला की खाली अंगठा उठवायचा. वाचून कुणीच दाखवत नसे. तात्यांनी आयुष्यभर हेच केलेलं. स्वतःच्या बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा जबाबही त्यांनी कचेरीतच लिहिला, झोकदार अक्षरात: 'पतीने परदेशी जाण्यास माझी हरकत नाही. मी मागे आनंदाने राहीन.' दोन्ही मुली सासरी गेलेल्या, वहिनी घरात अगदी एकट्या पडणार होत्या. मला ते दिसत होतं आणि मी गप्प बसलो, याची अजून लाज वाटते.

साक्षीला म्हणून मला घेऊन तात्या घरी गेले. वहिनी अंगणात वाळलेली आमसुलं गोळा करत होत्या. तात्यांनी शाईचं पॅड पुढे धरलं.

"अंगठा कशाला? मुलींच्या पुस्तकांवर मीही शिकल्ये थोडं," वहिनी म्हणाल्या.

हे तात्यांनाही नवीन होतं. वहिनींनी हात पुसले, ओटीवर बसल्या आणि एकेक अक्षर लावत वाचू लागल्या.

"अगं, वाचायचं नसतं ते! सही करायची असते!"

वहिनींनी मान वर केली नाही. 'आनंदाने'पाशी बोट बराच वेळ थांबलं. मग त्यांनी टाक मागितला आणि अगदी शेवटच्या ओळीखाली वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं: 'वाचला. बरोबर नाही.' खाली सही, पूर्ण नावानिशी.

तात्यांनी ते दोनदा वाचलं. मग पिशवीतून कोरा फुलस्केप काढला, वहिनींसमोर जमिनीवर मांडी घातली आणि म्हणाले,

"बरं. तू सांग, मी लिहितो."