सिंहासन आपोआप पोचले

आमच्या देवळाच्या जत्रेला स्मरणिका निघते. तिच्यात जाहिरातींच्या मधल्या जागेत मी दरवर्षी एक गोष्ट लिहायचो: कधीच नसलेल्या एका साम्राज्याची. गोव्यातल्या हळर्णच्या किल्ल्यापासून वाळपईच्या बाजारापर्यंत पसरलेलं. याहून मोठं राज्य सांभाळायची माझी ताकद नव्हती.

पहिल्या गोष्टीत सम्राटाचा हत्ती आमच्या तळीत डुंबला. समितीचे अध्यक्ष खूश. "मास्तर, तो सेनापती आमच्याच घराण्यातला. नाक बघा ना!" नाकाबद्दल मी अवाक्षर लिहिलं नव्हतं. पुढच्या वर्षी जेवणाची आमंत्रणं सुरू झाली. सुंगटांचं हुमण, म्हणजे कोळंबीची आमटी, ओरपून नाही कसं म्हणणार? ज्याने वाढलं त्याचा पणजोबा सरदार. होता होता राज्यात सगळे सरदारच. शिपाई औषधालासुद्धा उरला नाही.

माझे वडील तेवढे कुठेच नव्हते. ते तरुणपणी सावंतवाडीकडून इथल्या खाणीवर ट्रक चालवायला आले. मी इथेच जन्मलो, तरी गावाला आम्ही अजून 'भायले', बाहेरचे. म्हटलं, राज्य माझं, कोणाच्या बापाचं काय जातं? सम्राटाचं सिंहासन राजधानीत आणणारा सावंतवाडीकडचा एक गाडीवान लिहिला, आणि उत्साहाच्या भरात वडिलांना सांगूनही टाकलं.

अध्यक्षांनी बोलावून घेतलं. "इतिहासाशी खेळू नका, मास्तर. तुमचे लोक तेव्हा इथे नव्हतेच."

"अहो, तेव्हा साम्राज्यच नव्हतं!"

"ते वेगळं."

स्मरणिकेत छापून आलं: 'सिंहासन आपोआप पोचले.' वडिलांनी ओळीवर बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचलं. "छपाई बरी असा," एवढंच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि डोकंही भयंकर फिरलं.

मग पुढच्या वर्षी मी साम्राज्य बुडवलंच. शत्रू वेशीवर, आणि पुढे जायचा पहिला मान कोणाचा यावर सरदारांची पालखीला होतात तशी भांडणं. ती मिटेस्तोवर शत्रू आत येऊन जेवलासुद्धा. वाटलं, समिती कागद फाडून टाकणार. कसचं काय! त्यांनी एवढंच विचारलं, आधी शरण कोण गेला? तोही मान कोणाला सोडायचा नव्हता.

छापील प्रत वडिलांच्या हातात दिली. शेवटपर्यंत वाचून त्यांनी चष्मा काढला आणि कित्येक दिवसांनी मोकळेपणी हसले.

"बुडाला मां राज्य? बरा झाला. आता सगळेच भायले."