मिएनचा तरणा नवरा

देशाचे दोन तुकडे झाले तेव्हा मिएनचा नवरा खोय बोटीत बसून उत्तरेला गेला. "दोन वर्षांत परत येतो," म्हणाला. मिएन राहिली दक्षिणेत, बेन त्रेला, सासूजवळ. लढाई पेटली. खोयची ना खबर, ना बात. शेवटी सासूनंच ठरवलं, पोरगा गेला. मेल्याची तिथी कुणाला ठाऊक? बोट सुटली तोच दिवस धरला. पितरांच्या चौरंगावर त्याचा तरणाबांड फोटो बसला. दरसाल त्या दिवशी मिएन शहाळ्याच्या पाण्यात मासा शिजवून पुढं ठेवायची, उदबत्ती लावायची.

लढाई संपली आणि मेलेला नवरा अंगणात उभा. केस पिकलेले, मागं उत्तरेतली बायको तुयेन. आपल्याच फोटोपुढची उदबत्ती बघून खोय पोट धरून हसला. मिएनला काही हसू आलं नाही.

तुयेनचं बिऱ्हाड कालव्यापलीकडं थाटलं. कालव्यानं काय होतंय? मिएनचा जळफळाट व्हायचा तो व्हायचाच. खोयचा कुठला गुडघा दुखतो, झोपेत तो काय बरळतो, सगळं त्या बाईला पाठ. हिनं नुसती वाट बघायची आणि तिनं संसार करायचा!

म्हातारपणी खोय खरोखरीच गेला. पहिल्या वर्षश्राद्धाला तुयेन म्हाताऱ्या खोयचा फोटो फडक्यात गुंडाळून घेऊन आली.

"ताई, चौरंगावर हा ठेवू?"

"जागा नाही."

"पण तिथं तर कुणी पोरगा बसलाय. नातवंडांना कोण म्हणून सांगायचं?"

"आजोबा म्हणून सांग. आजोबा काय म्हातारेच जन्मतात?"

तुयेन चुलीपाशी जाऊन बसली. माशाचा वास आला तशी म्हणाली, "ह्या माशानं माझा जन्म खाल्ला, ताई. तिकडं भाताची मारामार, शहाळं कुठून आणू? हे जेवायला बसले की म्हणायचे, मिएनच्या हातची चव नाही. तुम्हाला बघितलंही नव्हतं, तेव्हापासून जळतेय मी तुमच्यावर."

मिएनचा ढवळायचा डाव हातातच राहिला.

"काय म्हणायचा?"

तुयेननं सांगितलं.

"नीट सांग. पहिल्यापासून."

तुयेननं पहिल्यापासून सांगितलं. मिएननं मासा वाढला, मग उदबत्तीचं भांडं बाजूला सरकवलं. म्हाताऱ्यापुरती जागा निघाली.

तरण्याला मात्र तिनं बोटभर पुढंच ठेवलं.