नंदाखालच्या वाडीतला बांधलेला कुत्रा

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण छाती धडधडायला लावणारी एकच आठवण सांगा म्हणालात, तर मी केळीच्या वाडीतली एक बंद खोली सांगेन. तिचं नुसतं नाव निघालं तरी आजही मी खुर्चीत सरळ होऊन बसते.

सकाळची हजेरी संपत आली होती. ठाण्यातला जुना फोन वाजला. त्यावर नंबर दिसत नसे. ठाणे अंमलदाराने ऐकलं आणि रिसीव्हर माझ्यापुढे केला. बाईचा दबलेला आवाज होता.

"नंदाखालला, मोठ्या विहिरीपल्याडच्या वाडीत, पंपाच्या खोलीत एक पोरगा बंद हाय. लोकांना सांगतात दुबईला गेला. आज दुपारच्याला या. उद्यावर नका टाकू, तो जगायचा नाय."

नाव विचारलं आणि फोन बंद झाला.

निघण्याआधीची माझी कामं ठरलेली असत: स्टेशन डायरीला नोंद, सोबत महिला शिपाई आणि बीट हवालदाराची उलटतपासणी. ती मी जीपमध्येच घेतली.

"घर साधं आहे, मॅडम," हवालदार म्हणाला. "केळी आणि सोनचाफा. बाप माल घेऊन मुंबईला जातो, दुपारनंतर परततो. धाकट्या पोरीचं लग्न ठरतंय. मोठा पोरगा दुबईला."

"जाताना कोणी पाहिला?"

"जाताना कोण बघतो? परत आला की चॉकलेटं वाटतो, तेव्हा गावाला कळतं."

"मग चॉकलेटं कधी खाल्लीत तुम्ही?"

"अजून नाहीच, मॅडम."

वाडीत आई अंगणातच उभी होती. "इतक्या लांब कशाला आलीस, बाय? आमच्याकडं काय नाय."

"तुमचा मुलगा कुठे आहे?"

"दुबईला."

धुण्याच्या दगडावर तीन ताटं उपडी घातली होती. नवरा बाहेर, घरात ती आणि मुलगी. "तिसऱ्या ताटात कोण जेवलं?"

"कुत्रा."

"ताटात जेवणारा कुत्रा? नशीबवान आहे. दाखवा बघू."

कुत्रा मागच्या फणसाखाली बांधलेला होता. सावली बघून, पाण्याचं भांडं भरून, नव्या दोरीने. वाडीतला कुत्रा दिवसा बांधत नाहीत. केळीचे घड राखायचं काम त्याचंच. हवालदार तर थबकलाच.

"याला मी पहिल्यांदाच बांधलेला बघतोय, मॅडम. माझ्या दोन पँटी फाडल्यात यानं."

तिथे मला उलगडा झाला. पाहुणे येणार हे ठाऊक असलेलं घरच कुत्रा बांधून ठेवतं. मी हवालदाराला लांब पाठवलं आणि आईजवळ पायरीवर बसले.

"कुत्रा आमच्यासाठी बांधलात ना?"

तिचे डोळे भरले. "ह्यांनी शपथ घातलीय, कोनाला सांगायचं नाय. बोलवायचं नाय असं कुठं म्हनाले?"

फोन तिनेच केला होता. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "काल दाराआडून म्हनाला, आई, मी नसलो तर तुम्ही सुटाल."

आम्ही अक्षरशः पळत पंपाच्या खोलीपाशी गेलो. बेकायदा डांबून ठेवल्याचा गुन्हा समजून मी आले होते. पण बाहेर कुलूप नव्हतं, कडी नव्हती. दार आतून लावलेलं होतं.

"पोलीस?" आतून आवाज आला. "मी काही केलं नाही."

"माहीत आहे. म्हणून तर दार तोडत नाही, इथे बसलेय."

जबाब घेण्यात माझी उमर गेली, पण असा जबाब कधी घेतला नव्हता. तो तुकड्यातुकड्यांनी बोलला. कामावर जाताना नालासोपाऱ्याच्या पुलावर एकदा अचानक छाती धडधडायला लागली. हात बधिर, श्वास अडकलेला, आता मरणार याची खात्री. दवाखान्यात हृदय ठणठणीत निघालं. मग बाजारात तसंच झालं. पुढे झटक्याइतकीच पुढच्या झटक्याची भीती बसली. आधी पूल सुटला, मग नोकरी, मग गल्लीसुद्धा. लोकांच्या प्रश्नांना बापाने दुबईचं उत्तर दिलं आणि ते टिकवायला हा खोलीत शिरला. मग झोप गेली, जेवणाची चव गेली, कशातच मन लागेना.

मी सरळ विचारलं, "जीव द्यायचा विचार येतो?"

महिला शिपायाने माझा हात दाबला. असं विचारू नये, विचाराने विचार सुचतो, असा तिचा समज.

"येतो," तो म्हणाला. "पण हे मला कोणी विचारलंच नव्हतं."

आणि कडी सरकली. मोठमोठे आरोपी कबूल झाले तेव्हाही मला असा आनंद झाला नव्हता.

तेवढ्यात बापाचा टेम्पो आला. "डोक्याच्या डॉक्टरकडं न्यायचा नाय," तो आडवा आला. "पोरीचं लग्न मोडेल."

ओटीवरून मुलगीच बोलली, "आप्पा, दादा मांडवात नसेल तर मीच मोडते. मग काय सांगाल, मीपन दुबईला गेले?"

बाप बाजूला झाला, आणि मग स्वतःच जीपमध्ये मुलाला टेकून बसला.

मानसोपचारतज्ज्ञांनी त्याच दिवशी तपासलं आणि आम्हा सगळ्यांना बसवून समजावलं. तीव्र भीतीचे झटके हा एक आजार आणि नैराश्य हा दुसरा. दोन्ही पुष्कळदा हातात हात घालून येतात. ही बाधा नाही, आळस नाही. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि बरं वाटलं म्हणून ते आपल्या मनाने थांबवायचं नाही. सुरुवातीला त्याला एकटं सोडायचं नाही. सोबत समुपदेशन.

"मॅडम, चोर नसताना धोक्याची घंटा वाजते तसं याचं शरीर करतं," डॉक्टर म्हणाले. "पळालं की घंटेवरचा विश्वास वाढतो. थांबलं की ती आपोआप बंद होते. ते थांबणं थोडं थोडं शिकायचं."

मला अशी पायरीपायरीची कामं फार आवडतात. दारापासून विहीर, विहिरीपासून गल्ली, गल्लीपासून राजोडीचा किनारा. तोही आधी आडवारी, गर्दी नसताना, मग पर्यटकांनी फुललेला रविवारचा. किनाऱ्यावरून तो एकदा अर्ध्यात परतला आणि आठवडाभर पुन्हा खोलीत बसला. बाप हताश झाला. डॉक्टर म्हणाले, असं होतंच, पुन्हा जायचं. पुढच्या खेपेला बाप स्वतः त्याच्याबरोबर वाळूत चालत गेला.

माझ्याकडे चौकशी बंद करायला मुलाचा जबाब बाकी होता. मी घरी येऊन घेते म्हटलं, तर त्याचाच निरोप आला: ठाण्यात येतो, पुलावरून येतो.

आला. बाकावर बसला आणि झटका सुरू झाला. घामाने शर्ट भिजला, हात थरथरू लागले. घाम फुटला की पोलीस त्याला कबुली समजतात. ठाणे अंमलदार उठलाच. मी खुणेने थांबवलं. मुलगा पाय जमिनीवर रोवून बसून राहिला. लाट चढली आणि उतरली. त्याने रुमालाने तोंड पुसलं.

"लिहा," तो म्हणाला.

लोक गुन्हा लपवतात त्याहून जास्त घट्ट आजार लपवतात, आणि लपवणारे बहुधा प्रेमाचेच असतात, हे मी त्या वाडीत शिकले. अशा घरात दार ठोठावण्याआधी आजूबाजूला बघावं. कोणीतरी वाट मोकळी करून ठेवलेली असते. फोन करणारी व्यक्ती कागदावर मात्र मी 'अनोळखी' अशीच ठेवली. पुढे तिनेच नवऱ्याला सांगून टाकलं. म्हणून आज हे लिहिते आहे.

त्याच्या बहिणीच्या हळदीला मी गेले. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि तो कुत्रा भुंकत थेट अंगावर आला. मी हवालदाराच्या मागे, हवालदार माझ्या मागे. मांडवातून हळदीने माखलेला भाऊ धावत आला आणि त्याने कुत्र्याला गळ्याशी धरलं.

आई ओटीवरून हसत होती. "आता बांधत नाय त्याला, बाय."