केसरबाईंच्या कपाटावरची पैज

सोलापुरात भवानी पेठेतल्या त्या बोळात केसरबाईंचं घर विचारलं, की लोक उलट विचारत, "कपाटवाल्या का?"

केसरबाई बासष्ट वर्षांच्या. मुलींच्या एका वसतिगृहात त्यांनी तीस वर्षं स्वयंपाक केला. त्या निवृत्त झाल्या त्या वर्षी वसतिगृहानं जुनं सामान मोडीत काढलं, आणि त्यातलं दोन दारांचं हिरवं लोखंडी कपाट त्यांनी हातगाडीवर घालून घरी आणलं. ते बाहेरच्या खोलीत जिथं मावलं तिथं, म्हणजे थेट खिडकीपुढं उभं राहिलं. महिन्याभरात ते गच्च भरलं. खालच्या कप्प्यात कडुलिंबाचा वाळका पाला घातलेली ज्वारी, वर एरंडेलाचा हात फिरवलेली तूरडाळ, हुलगे, मटकी, मीठ लावलेले चिंचेचे गोळे. मधल्या फळीवर काळं तिखट, शेंगांची चटणी आणि येसर. येसर म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्यांचं पीठ. उकळत्या पाण्यात चार चमचे टाकलं की आमटी तयार. सगळ्यात वर पापड, कुरडया आणि सांडगे.

वसतिगृहातल्या मुली दुपारच्या सामसुमीत साखर पळवायच्या. म्हणून केसरबाईंनी तिथंच डब्यांवर चिठ्ठ्या उलट्यासुलट्या लावायची सवय लावून घेतली होती. 'साखर' लिहिलेल्या डब्यात जाडं मीठ. 'मेथ्या' म्हणजे काजू. 'कडू चिरायता' लिहिलेल्या बरणीत गूळ. घरातही तोच कारभार चालू राहिला, आणि खरा नकाशा फक्त त्यांच्या डोक्यात होता. त्यांचे यजमान धर्मपाल यांना साखरेचा आजार. बायको दुपारी कलंडली की ते चिरायत्याच्या बरणीतून गुळाचा खडा काढून तोंडात टाकत आणि छताकडं बघत बसत. केसरबाईंना हे ठाऊक होतं. त्या रोज त्या बरणीत सुपारीएवढा एकच खडा ठेवत. धर्मपालना वाटे, आपण चोरी करतो.

भांडण पेटलं मार्चच्या शेवटी. ऊन बेचाळिसाच्या घरात गेलं होतं. मुलगा सतीश एका खाजगी कंपनीच्या ऑफिसात कामाला होता. त्यानं वडिलांसाठी मोठा कूलर बघून ठेवला होता, आणि कूलरला खिडकी पाहिजे होती.

"आई, हे कपाट आता भंगारात जाऊ दे की," तो म्हणाला. "आजकाल मोबाईलवर बोट ठेवलं की दहा मिनिटांत डाळ दारात येती. वर्षाचं कोण भरतंय?"

"दहा मिन्टात?" केसरबाई शेंगा निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "आन् त्यो पोरगाच न्हाय आला तर?"

"येतो गं. तुझं कपाट नसतं तर आपण काय उपाशी मेलो असतो?"

"बरं. एक तारखेपासनं म्हैनाभर या घरात बाहेरनं काय बी आणायचं न्हाय. दूध आन् गॅस सोडून. भाजी बी न्हाय. म्हैना निघाला तर कपाटाचं नाव काढायचं न्हाय. न्हाय निघाला तर तूच ने भंगारात."

सतीशनं हसत हात पुढं केला. सून साक्षी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. ती दारातच चपला काढत होती. तिला साक्षीदार नेमलं गेलं. नावच तसं, त्याला ती काय करणार.

पहिला आठवडा मजेत गेला. सांडग्यांची रस्साभाजी, हुलग्यांची उसळ, येसराची आमटी, कुरडयांची कांदा घालून भाजी. कांद्या-लसणाच्या माळा कपाटाच्या बाजूला टांगलेल्याच होत्या. धर्मपाल म्हणाले, "मला तर कळंना, आपण पैज लावली हाय का सण चाललाय." सतीशला मात्र घाम फुटला. आईची नाडी त्याला ठाऊक होती. चहा. दिवसातून पाच वेळा, आणि तोही गोड. आठव्या दिवशी सकाळी आई नळावर असताना त्यानं कपाट उघडलं, 'साखर' लिहिलेला डबा ऑफिसच्या बॅगेत घातला आणि साळसूद चेहऱ्यानं बाहेर पडला.

ऑफिसातली साखर नेमकी त्या दिवशी संपली होती. सतीशनं उदार मनानं डबा पुढं केला. शिपायानं खळखळून उकळलेल्या चहात तीन मुठी टाकल्या. पहिला घोट घेतला साहेबांनी. हे पंचाक्षरी साहेब, अक्कलकोटचे, अतिशय सभ्य माणूस. त्यांनी तो घोट गिळला, कप खाली ठेवला, आणि शांतपणे विचारलं, "सतीश, आमच्याकडून काही चुकलं का?"

संध्याकाळी सतीश घरी आला. तक्रार करावी तर चोरी कबूल करावी लागते. तो मुकाट जेवायला बसला. केसरबाईंनी त्याच्या पानात आमटी वाढली आणि विचारलं, "जरा चाखून बघ रं. मीठ कमी तर न्हाय? आज डबाच सापडंना मला."

साक्षीला ठसका लागला. धर्मपालनी तिला पाणी दिलं आणि स्वतःच पोट धरून हसत सुटले. सतीशनं बॅगेतून डबा काढून आईपुढं ठेवला. त्यात बरंच मीठ उरलं होतं.

पण तोही तिचाच मुलगा. चौदा तारखेला जयंती. त्या दिवशी घरात गोडधोड होणार, चार माणसं येणार, हे केसरबाईंनी धरलेलंच होतं. सकाळी साडेआठला सतीशनं डोक्याला तेल लावता लावता सांगितलं, "आई, ऑफिसातली अकरा माणसं येणारेत दुपारी जेवायला. साहेबांना चहाची भरपाई द्यायला पाहिजे की नाही?"

केसरबाईंनी त्याच्याकडं क्षणभर बघितलं. मग पदर खोचला. "यू द्या. साक्षी, तू आज सुट्टीवर हायस न्हवं? ये हिकडं."

साडेबाराला पानं मांडली तेव्हा त्यांवर शेंगापोळी होती, वर तुपाची धार. तूप निघालं 'एरंडेल' लिहिलेल्या बाटलीतून. येसराची आमटी, मटकीची उसळ, तळलेल्या कुरडया, पापड, दह्यात कालवलेली शेंगांची चटणी, भाताचा डोंगर. भाजीबाजाराचं एक पानसुद्धा त्यात नव्हतं, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. पंचाक्षरी साहेबांनी चौथी पोळी संपवली आणि म्हणाले, "असं कपाट घरात असताना हा रोज डबा बाहेरून मागवतो? बाई, याला बदलीवर पाठवू का?"

"नको साहेब," केसरबाई म्हणाल्या. "हितंच असू द्या. नजरंखाली बरा."

मंडळींना जेवणानंतर चहा पाहिजे होता. मग दुसऱ्यांदा पाहिजे होता. उन्हं उतरल्यावर निघताना पुन्हा अर्धा अर्धा कप. पाहुणे गेले, आणि केसरबाईंनी चहापत्तीचा डबा उलटा करून आपटला. तळाशी बोटभर भुकटी. ती सोळा तारखेला संपली.

सतरा तारखेची सकाळ फार वाईट होती. केसरबाईंनी धणे भाजून त्याचा काढा केला. धर्मपालनी तो प्यायला आणि बायकोकडं असं बघितलं, की जणू लग्नाचा फेरविचार चाललाय. दुपारपर्यंत केसरबाईंचं डोकं घण मारल्यासारखं ठणकू लागलं. समोरच मल्लव्वा राहायची; तिच्या घरातून आल्याच्या चहाचा वास सरळ बोळ ओलांडून येत होता.

पण उठवेना. केसरबाई नऊ वर्षांच्या असताना, वैरागजवळच्या त्यांच्या खेड्यात, आईनं त्यांना वाटी देऊन तिखट मागायला धाडलं होतं. त्या घरच्या बाईनं त्यांना अंगणात उभं केलं, सावकाश आपली वेणी घातली, रिबीन बांधली, आणि मग "उद्या ये" म्हणाली. वाटी रिकामी परत आली. तेव्हापासून कुणाच्या दारात काही मागायला त्या उभ्या राहिल्या नव्हत्या. कपाट त्यातूनच आलं होतं, पण हे त्यांनी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

शेवटी चार वाजता त्या समोर गेल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "गुडघा कसा हाय तुझा? म्हटलं बघून यावं."

मल्लव्वानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. पैजेची बातमी अख्ख्या बोळाला होती. "बा, केसरक्का, बा," असं कानडीत बोलावत तिनं त्यांना आत नेऊन आपल्या पलंगावर बसवलं, हातात कप दिला, आणि मगच म्हणाली, "गुडघा लई दुखतोय बघ. रोज बघायला ये."

त्या रोज जाऊ लागल्या. पहिले दोन दिवस गुडघ्याची चौकशी झाली, तिसऱ्या दिवसापासून दोघीही ती विसरल्या. विसाव्या दिवशी सतीश लवकर घरी आला आणि त्यानं समोरच्या दारातून आईला बशीत चहा ओतताना पकडलं.

"हरलीस! बाहेरचा चहा!"

केसरबाईंनी बशी संपवली. "काय ठरलं हुतं? या घरात बाहेरनं काय आणायचं न्हाय. मी आणलं कुटं? मी तर हितं बसलीय."

सतीशनं साक्षीला हाक मारली. साक्षीदारानं पदरानं तोंड झाकून निकाल दिला: नियमात बसतं.

दुसऱ्या दिवशी साक्षीला मात्र राहवलं नाही. सकाळी चहावाचून सासूचं तोंड उतरलेलं तिनं चार दिवस बघितलं होतं. तिनं लॅबवरून येताना अर्धा किलो चहापत्तीचा पुडा आणला आणि गुपचूप रिकाम्या डब्यात सारला. सकाळी केसरबाईंनी डबा उघडला आणि वासानंच त्यांना गलबलून आलं. घर झोपलेलं. आधण ठेवलं असतं तर कुणाला कळणार होतं? त्यांनी पुडा डब्यातून बाहेर काढला. मग चपला घातल्या आणि तो समोर मल्लव्वाला देऊन आल्या.

संध्याकाळी साक्षीनं बिचकत विचारलं, "आई, चहा नाही केला?"

"पोचला त्यो," केसरबाई म्हणाल्या. "जिथं पोचायला पायजे तितं. चल, पिऊन येऊ."

दोघी गेल्या. दुसऱ्या दिवशी धर्मपालही मागं मागं आले, बिनसाखरेचा घेईन असं शपथेवर सांगत. आणि अठ्ठावीस तारखेला सकाळी सहाला, जोडसुट्टीत ऑफिसचा चहाही बुडालेला, केस विस्कटलेले, बनियनवर, डोकं दोन्ही हातांनी धरून सतीश मल्लव्वाच्या उंबऱ्यात उभा राहिला. आत त्याचं सगळं घर पलंगावर ओळीनं बसलेलं होतं.

"काकू," तो म्हणाला, "तुमचा गुडघा..."

"काय न्हाय झालं तिच्या गुडघ्याला," केसरबाई म्हणाल्या. "हरलास म्हण, मग बस."

"हरलो."

"मल्लव्वा, वाईच आलं जास्त घाल गं. पोरगं हरलंय."

पैज जिंकली तरी त्या रात्री त्यांना धर्मपालांच्या पाठीवर उठलेलं घामोळं दिसलं. त्यांनी हातानं पावडर लावली आणि बराच वेळ पंख्याकडं बघत बसल्या. तीस तारखेला जेवताना त्यांनी जाहीर केलं, "खिडकी कूलरला द्या. कपाट वर सतीशच्या खोलीत जाईल."

"वर? तिथं माझी व्यायामाची सायकल आहे!"

"तिच्यावर कपडे वाळत्यात. ती ने भंगारात."

कपाट जवळजवळ रिकामंच झालं होतं. सतीश आणि त्याच्या एका दोस्तानं ते दहा मिनिटांत अरुंद जिन्यानं वर चढवलं. "एवढंसं तर होतं," सतीश हात झाडत म्हणाला, "उगीच घाबरलो."

पुढच्या रविवारी केसरबाई साक्षीला घेऊन धान्यबाजारात गेल्या. दुपारी दारात टेम्पो थांबला: ज्वारीची दोन पोती, डाळी, गुळाची ढेप, मिरच्यांचं गाठोडं, आणि साक्षीनं स्वतः निवडलेल्या शेंगा. टेम्पोवाला सामान खाली टाकून निघून गेला. सतीशनं पोत्यांकडं बघितलं, मग जिन्याकडं.

"बघतोस काय?" केसरबाई सावलीत खुर्ची ओढत म्हणाल्या. "सायकल गेली म्हणून व्यायाम बुडला म्हणत हुतास की."

सतीशनं पहिलं पोतं पाठीवर घेतलं. पाचव्या पायरीवर तो थांबला आणि ओरडला, "साक्षी! चहा ठेव गं!"

आतून कूलरचा आवाज येत होता. त्यापुढं धर्मपाल बनियनवर गाढ झोपले होते.