रंगाला परत आणायला तळोज्याला

आमच्याकडून माणसं मुंबईच्या वाटेला लागतात ती नोकरीसाठी, दवाखान्यासाठी, नाहीतर मंत्र्याच्या सहीसाठी. मी निघालो एका पैलवानाला उचलून आणायला. आणि पैलवानही असा, की ज्याला आजवर ज्यानं त्यानं उचलून आपटलंय.

हा रंगा म्हणजे आमच्या तात्याचा धाकटा. तात्या माझा बालमित्र, एकेकाळचा नावाजलेला मल्ल, आता गावच्या तालमीत पोरांना डाव शिकवतो. मी स्वतः कधी लंगोट लावला नाही. मी मैदानात माईक धरतो, कुस्त्यांचं निवेदन करतो. आमच्या पंचक्रोशीत माझ्या आवाजाशिवाय जत्रेचं मैदान भरत नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही असं म्हणणार होतो, पण बढाई म्हणूनच सांगतोय.

रंगाच्या अंगाला कधी खुराक लागला नाही आणि हाताला कधी डाव लागला नाही. शेवटी तो नवी मुंबईला गेला आणि तिथं म्हणे प्रो रेसलिंग करायला लागला. म्हणजे चड्डी चकचकीत, लाइटी रंगीत आणि जिंकणार कोण ते दुपारीच ठरलेलं. आमच्याकडे अशा ठरवून केलेल्या लढतीला नुरा म्हणतात आणि नुरा धरणाऱ्याला पुढच्या जत्रेत कोणी उभं करत नाही. तिकडे त्याची तिकिटं विकतात! त्यातही रंगाकडे काम एकच, दर वेळी हरायचं. सगळ्या गावानं ते मोबाईलवर पोट धरधरून पाहिलं. पाहिलं नाही ते फक्त तात्यानं.

"जा आन घिऊन ये त्याला," तात्या मला म्हणाला. "दूध संघात चिकटवतो. माझ्या तालमीचं नाव सांगून नुरा लढतंय बेनं. आन एकटा आलास तर मला तोंड दावू नगंस."

लक्झरीवाल्यानं सकाळी मला कळंबोलीला उतरवलं, म्हणजे चालत्या गाडीतून जवळजवळ ढकललंच. तिथून खांदेश्वरला रिक्षा केली. नवी मुंबईत पत्ता विचारला की माणसं गणित घालतात. सेक्टर अमुक, प्लॉट तमुक, त्याला आडवा रस्ता. इमारतींची नावं मात्र सगळी बागांची. एवढ्या बागा ओलांडून गेलो, पण नजरेला एक धड झाड पडेल तर शपथ. दर चौकात कोणा ना कोणा दादाचा हात जोडलेला फोटो, वाढदिवसाच्या शुभेच्छा. ह्या गावात माणसं जन्मतात फार, असं माझं मत झालं.

रिक्षावाल्याला रंगाचं नाव सांगितलं तर त्यानं मागे वळूनच बघितलं.

"रंगादादाकडे चाललाय? आयला! मागच्या रविवारी काय बेक्कार आपटला त्याला! डोक्यावरून फिरवून फेकला!" हे तो इतक्या कौतुकानं सांगत होता, की जणू घरच्या पोराला बोर्डात नंबर मिळालाय. मी रंगाचा काका लागतो म्हटल्यावर त्यानं माझ्याबरोबर फोटो काढून घेतला. गावाकडे माझ्याबरोबर कोणी फोटो काढत नाही, हे इथेच नोंदवून ठेवतो.

रंगा राहतो ते जुनं आगरी गाव. टोलेजंग टॉवरांनी चारी बाजूंनी कोंडीत धरलंय, तरी हटायला तयार नाही. घरमालकीण हिराकाकू. एकेकाळी भातशेती होती, आता त्या जागेवर त्यांची चार मजली इमारत आहे. गळ्यात सोनं एवढं, की मान वळवायला त्यांना वेळ लागायचा. ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या.

"तुमी रंगाचं कोन?"

"त्याच्या वडलांचा मित्र. त्याला न्यायला आलोय."

"न्यायला? कुटं?"

"घरी."

"मंग इतं काय तो रानात ऱ्हातो?"

काकूंनी मला जेवायला बसवलं. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, जवला (सुकवलेली बारीक कोळंबी) आणि चिंबोरीचा (खेकड्याचा) रस्सा. आम्ही मटणाची माणसं. हाड फोडायच्या हिशेबानं मी खेकड्याची नांगी चावली आणि माझ्या दाढेत भरलेलं सिमेंट निघून ताटात पडलं. काकू एवढ्या हसल्या, की वालाची परडी लवंडली. रस्सा मात्र असा होता, की मी तिसरी भाकरी दुसऱ्या बाजूनं चावून खाल्ली.

रंगावर त्यांचा एवढा जीव का, ते जेवताना कळलं. इथल्याच मैदानातल्या एका शोला काकू पहिल्या रांगेत होत्या. समोरच्या राक्षसानं रंगाला जो भिरकावला, तो थेट काकूंच्या पायाशी, चार खुर्च्या उलथ्यापालथ्या. "मी बोल्ली, मेला पोर. तं तो उठला. मना इचारतं, आजी, लागलं काय? मंग सगल्या खुर्च्या सरल करून ठेवल्या, हात झटकले, आन परत गेला वर मार खायाला!" तेव्हापासून दर शोला काकू अख्खी इमारत टेम्पोत घालून नेतात.

एवढ्यात रंगा आला. कमरेला बर्फाची पिशवी बांधलेली, तरी वाकून पाया पडला. मी निरोप सांगायला तोंड उघडणार, तर तोच म्हणाला, "बॅग भरलीय काका. आज शेवटचाच. विकीशेठनी जाहीर केलंय, आज जो हरंल त्यानं कंपनी सोडायची."

"मग जिंक की लेका!"

"ते ठरलेलं असतंय हो." तो बर्फाची पिशवी चाचपत राहिला. मग म्हणाला, "तालमीत मी पडलो का समदी दुसऱ्या जोडीकडं बघायची काका. हितं मी पडलो का समदी माझ्याकडं बघत्यात. एवढंच."

पोराचं तोंड बघून वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, न भांडता काम फत्ते झालं म्हणून बरंही वाटलं. संध्याकाळी शो संपला की कळंबोलीहून दोघांनी गाडी धरायची, असं ठरलं.

शो तळोज्याला, कारखान्यांच्या वस्तीतल्या एका रिकाम्या शेडमध्ये. तिथली हवा नाकाला झोंबते आणि थोड्या वेळानं नाक तक्रार करायचंच सोडून देतं. शेडवरच्या फलकात पैलवान अंगठ्याएवढे आणि पुढारी पुरुषभर. कंपनीचा मालक विकीशेठ पांढऱ्या बुटांत फिरत होता. मी निवेदक म्हटल्यावर त्यानं मला आपल्याच धंद्यातला समजून खांद्यावर हात टाकला.

"काका, टेन्शन नाय घ्यायचं. पोरगा चांगलाय तुमचा. पण बघा, बॉडी नाय, फेस नाय. पब्लिकला दया येते, पण दयेचा पोस्टर बनत नाय ना! आज ह्याला स्ट्रेचरवरून बाहेर काढणार. एकदम इमोशनल!"

माणसाला नोकरीवरून काढताना त्याचीच तिकिटं विकणारा मालक मी पहिल्यांदाच पाहिला. हारजीत ठरवणारेही हेच, आणि हरला म्हणून हाकलणारेही हेच.

मग सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, दादांचे दोन शब्द, भाऊंचे दोन शब्द, आणि दोघांचेही दोन शब्द काही संपेनात. एवढी एक गोष्ट मात्र अगदी आमच्या मैदानासारखी होती, त्यामुळे मला जरा घरच्यासारखं वाटलं.

रंगासमोर उभा होता ब्लॅक कोब्रा. नेरूळच्या जिममध्ये शिकवणारा हा धिप्पाड पोरगा मघाशी पडद्यामागे मला नमस्कार करून म्हणाला होता, "काका, सांभाळून टाकतो त्याला." आता तोच लोकांकडे बघून जीभ काढत होता. रंगा आला, वाकला, रिंगच्या रबराला हात लावून कपाळाला लावला, जशी आम्ही आखाड्याच्या हौद्यातली माती लावतो तशी. त्या रबरावर माती कुठली, आधीच्या जोड्यांचा घाम असेल. पण त्याच्यामागोमाग सगळ्या शेडनं खाली हात लावून कपाळाला लावला. टायवाले, कारखान्याच्या पाळीवरून आलेले, काकूंच्या टेम्पोतले, सगळे. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

कोब्रानं त्याला उचलला आणि दाणकन आपटला. रंगाची पाठ जमिनीला लागली, आणि माझ्यातला निवेदक माझ्या आधी उभा राहिला. "झाली कुस्ती!" मी खणखणीत ओरडलो. "चितपट! आसमान दाखवलं!" आमच्याकडे पाठ टेकली की खेळ खलास, हलगी वाजते, जोडी सुटते. इथं शेडभर माणसं माझ्याकडे असं बघायला लागली, जणू मी लग्नात मयताची बातमी दिलीय. काकूंनी सदरा धरून मला खाली ओढलं.

"बस ना रं म्हाताऱ्या! आजून उठाचा हाय त्याला!"

आणि खरंच, शेडभर एकच गजर सुरू झाला. ऊठ! ऊठ! ऊठ! रंगा उठला. पुन्हा पडला. ऊठ! पुन्हा उठला. जन्मभर मी मैदानात विचारत आलो, पाठ लागली का? इथं ते कोणीच विचारत नव्हतं. मी बारकाईनं बघत होतो. दर वेळी पडताना तो हनुवटी छातीला लावायचा, मान आत घ्यायचा. पडणं असं, की त्याला नाव ठेवायला जागा नाही. आणि एका आपटीला माझ्याच कानावर एक आवाज आला, "ऊठ रं रंगा!" आवाज माझाच होता. मग तो थांबेना.

शेवटी ठरल्याप्रमाणे कोब्रा छाताडावर बसला, पंचानं तीन मोजले आणि रंगा हरला. गजर बसला. काकू पदरात तोंड घालून रडायला लागल्या. दोन सुरक्षारक्षकांनी 'बेशुद्ध' रंगाला स्ट्रेचरवर घेतला, स्पीकरवर कसलंसं रडकं संगीत लागलं, आणि दारापाशी पुढचा रक्षक वायरीत पाय अडकून तोंडावर आपटला.

बेशुद्ध रंगा ताडकन उठला. "लागलं का हो?" म्हणत त्यानं रक्षकाला उभं केलं, त्याचे गुडघे झटकले, स्ट्रेचरवर बसवलं, आणि पुढचं टोक स्वतः उचलून चालायला लागला!

शेड फुटायचीच बाकी राहिली. खुर्च्यांवरून उड्या मारत माणसं धावली आणि हरलेल्या पैलवानाला त्यांनी खांद्यावर घेतलं. आमच्याकडे हा मान जिंकणाऱ्याचा. कोब्रा, जिंकलेला कोब्रा, खाली उभा राहून टाळ्या वाजवत होता. विकीशेठ आधी कपाळाला हात लावून बसला. मग त्यानं गर्दी बघितली, मोबाईल बघितले, आणि कपाळाचा हात अलगद माईकवर गेला. "पब्लिकच्या आग्रहास्तव रंगा कंपनी सोडणार नाय!" मघाशी ह्याच पब्लिकच्या दयेचं पोस्टर होत नव्हतं. थोडक्यात काय, तात्याच्या पोराची हरायच्या जागेवर कायम नेमणूक झाली.

रंगा माझ्यापाशी आला तेव्हा ओठ फुटला होता आणि डोळे भरले होते. "काका, तात्यास्नी काय सांगशीला?" मी बोलायला गेलो तर घशातून नुसती हवा आली. मग मी त्याची भरलेली बॅग उचलली आणि काकूंच्या टेम्पोत नेऊन ठेवली. त्याला समजलं.

परतीला काकूंनी माझ्या पिशवीत सुके बोंबील भरले. त्या वासानं गाडीतल्या लोकांनी मला मागच्या सीटवर हद्दपार केलं. तिथं बसून मी विचार करत होतो, की आमच्या मैदानात मी एवढे विजेते गाजवले, पण हरलेला कुठल्या वाटेनं घरी जातो ते वळून कधी बघितलं नव्हतं. आम्ही खरे, ते खोटे, म्हणून तर मी गावातून हसत निघालो होतो. आता हसायचं कोणाला हे ठरेना, आणि घसा तर हसण्याच्याही लायकीचा राहिला नव्हता.

सकाळी तात्या तालमीच्या पायरीवर बसला होता. माझ्यामागे कोणी नाही हे त्यानं बघितलं.

"कुठाय?"

मी घशाला हात लावला. घोगरं काहीतरी निघालं, त्याचा शब्द होईना.

तात्या माझ्याकडे बघत राहिला. उभ्या हयातीत, दिवसभर चालणाऱ्या मैदानातही माझा आवाज कधी बसला नव्हता, आणि हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

"हरला?"

मी मान हलवली, हो.

"आन तू एवढा वरडलास?"

हो.

आत पोरं जोर मारत होती, त्यांचे हुंकार ऐकू येत होते. मग त्यानं पायरीकडे बघतच विचारलं, "पडताना मान आत घेतो का?"

मी हनुवटी छातीला लावून दाखवली.

"ते मी शिकवलंय," तात्या म्हणाला, आणि आत वळून एका पोराला माझ्यासाठी गरम पाणी आणायला सांगितलं.