दर रविवारी एकच भाग

आमच्या वरच्या मजल्यावर लिफ्ट दुरुस्त करणारे एक गृहस्थ राहतात. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्यांच्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात आहे. जमेल की नाही, ठाऊक नाही.

मिस्त्रींचा एक नियम आहे. लिफ्टमध्ये कुणी अडकलं, की आधी दाराला तोंड लावून सांगायचं, "मी आलोय. तुम्हाला बाहेर काढल्याशिवाय जेवणार नाही." तीस वर्षांत हा नियम मोडलेला नाही. त्यातून कमावलं काय, तर पित्त, असं त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणतात.

नवरा-बायकोत बोलणं म्हणाल, तर "मीठ दे" आणि "किल्ली घेतली का" एवढंच उरलं होतं. मग मुलीने टीव्हीवर महिन्याचे पैसे भरून बघायची सोय करून दिली आणि त्यांना नुकतीच आलेली एका अंतराळयानाची मालिका सापडली. यानात सात माणसं. दर रविवारी संध्याकाळी एकच भाग बघायचा, पुरवून पुरवून, असं वहिनींनी ठरवलं. मलाही बोलावत. मग आठवडाभर वाद. हवेच्या टाकीचं झाकण उघडं कुणी ठेवलं, डॉक्टरीणबाईने की कप्तानाने? घर पुन्हा भांडायला लागलं. खाली मला ऐकू यायचं, बरं वाटायचं.

दहा भाग दहा आठवडे पुरले. दहाव्यात सातहीजण यानाच्या लिफ्टमध्ये अडकले, दोन मजल्यांच्या मधोमध. तीन तासांची हवा शिल्लक. पडदा काळा झाला. मिस्त्री ताडकन उठले. "पुढचा कधी?"

मुलीला फोन केला. पुढचा नव्हताच. मालिका बंद केल्याचं कंपनीने पाच आठवड्यांपूर्वीच जाहीर केलं होतं, प्रेक्षकांच्या प्रेमाबद्दल आभार मानून. मी निवृत्त झालो तेव्हा साहेबांनीही माझे असेच आभार मानले होते आणि लगेच कपाटाची किल्ली मागितली होती.

मिस्त्रींनी ग्राहक सेवेला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडे एक मुलगी होती, आवाजात साखर.

"सर, मालिका पुरेशा लोकांनी पाहिली नाही."

"आम्ही पाहिली की! तिघांनी!"

"तुमच्या खात्यावर पहिल्या महिन्यात चारच भाग दिसतात. महिन्यात संपवली नाही, म्हणजे आवडली नाही असं धरतात, सर."

"अहो, आवडली म्हणूनच तर थांबून थांबून बघितली!"

"आवडली असती तर एका दिवसात संपली असती, सर."

वहिनींनी फोन हिसकावला. "अगं, भाजी आवडली तर तू पातेलंच तोंडाला लावतेस का?"

मग मुलगी म्हणाली, "तुमच्या आवडीप्रमाणे केक करण्याच्या स्पर्धेची एक मालिका सुचवू का, मॅडम?"

"आणि त्या सातजणांचं काय?" मिस्त्री ओरडले.

"कोणते सातजण, सर?"

आम्ही जिवापाड जपलेली मालिका आमच्या जपण्यानेच मेली होती. मोजणारं यंत्र फार हुशार आहे म्हणतात. त्याला एवढंच कळलं, की आम्ही कंटाळलो.

वहिनींनी ताटं वाढली. "मीठ दे," असं मिस्त्री म्हणाले. या घरात आता पुन्हा मीठ आणि किल्लीच उरणार.

पण मीठ घेऊनही मिस्त्रींचा हात ताटाकडे जाईना.

"जेवा की," वहिनी म्हणाल्या.

"माणसं अडकलीत."

"टीव्हीतली आहेत ती!"

"मग? टीव्हीतल्यांना हवा लागत नाही?" त्यांनी बोटाने टेबलावर लिफ्ट काढली. "वरच्या मोटरचं चाक हाताने फिरवायचं. लिफ्ट मजल्याला लागते."

"फिरवणार कोण? सातहीजण आत आहेत."

"छताला झडप असते. एकाने वर जायचं."

"उंच असेल तर? शिडी कुठाय?"

मिस्त्रींनी टेबलावरच्या लिफ्टवर बोट वर-खाली फिरवून पाहिलं. मग वहिनीच हळूच म्हणाल्या, "तिथे वजन नसतं ना? तरंगत जाईल."

मिस्त्री बायकोकडे बघतच राहिले. "इतकी वर्षं माझ्याबरोबर कामाला का नाही आलीस?"

"बोलावलंत कधी? बरं, वर जाणार कोण?"

"झाकण ज्याने उघडं ठेवलं, त्याने जायचं."

"म्हणजे कप्तान."

"डॉक्टरीण!"

मी माझं ताट संपवून हळूच निघालो. त्यांची ताटं गार झाली होती, सातहीजण अजून आतच होते आणि जिन्यात खालपर्यंत आवाज येत होता.