नवऱ्याच्या बापाची जागा

सासऱ्याने माझ्या बापाचं पत्र ओट्यावर उभं राहून मोठ्यांदा वाचलं. मी आणि बा खाली अंगणात उभे. बसा म्हणून कुणी म्हटलं नाही. गडी हातातलं काम सोडून ऐकायला गोळा झाले.

माझा नवरा कॅनडात आहे. मला तिकडे नेण्यासाठी त्याने अर्ज केला होता. हे लग्न खरं आहे, असं दोन्हीकडच्या नातेवाइकांनी आणि मित्रांनी लिहून द्यायचं होतं. फोनवर तो म्हणाला, "आप्पा पत्र द्यायला तयार झालेत. तुझ्या बाबांचं पत्र त्यांना दाखव. दोन्हींत हकीकत एकच हवी." म्हणून आम्ही सातपुड्यातून खाली, शहाद्याकडच्या त्याच्या गावी आलो.

बा चौथी शिकलेला. पत्र त्याने स्वतः लिहिलं, दोन दिवस लावून. झालं तसंच लिहिलं. पोरगी आधी नवऱ्याकडे राहायला गेली. आमच्या आदिवासींत असं चालतं. मग पंच बसतात, पोरीच्या बापाला द्यायचं देज ठरतं, लग्न लागतं. पुढे बाने लिहिलं होतं, "नवऱ्याचा बाप आला नाही. म्हणून माझा भाऊ नवऱ्याचा बाप होऊन बसला."

सासरा तिथे थांबला.

"मन्हा पोऱ्याना बाप कोन व्हयना? तुन्हा भाऊ?"

गडी हसले. बा हळूच म्हणाला, "मांडवात ती जागा रिकामी ठेवत नाहीत, साहेब."

सासऱ्याने ठिबकच्या नळीचा तुकडा उचलला. पहिला फटका तोंडावर. दुसरा मानेवर. ते दोन्ही मी उभी राहून पाहिले. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करणारी, एम.ए. झालेली मी. बा खाली पडला, तशी धाकट्या दिराने बरगडीत लाथ घातली. पुन्हा घातली. पुन्हा. तेव्हा मी सासऱ्याच्या मनगटाला चावले. सोडलं नाही. त्याचं रक्त माझ्या तोंडात आलं. केसांना धरून त्यांनी मला फाटकाबाहेर फेकलं. माझ्यामागे बाला, बामागे त्याचं पत्र.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. मी म्हणाले, वडील ओट्यावरून पडले. नवऱ्याने फोनवर तसंच सांग म्हटलं होतं. पोलीस केस झाली तर अर्ज अडकेल. बाने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. आठव्या दिवशी तो गेला. त्या आठ दिवसांत तो माझ्याशी बोलला नाही.

दुःखाचे दिवस सरायच्या आत नवऱ्याने सासऱ्याचं पत्र पाठवलं. टाइप केलेलं, खाली सही. "सूनबाई आमच्या घरी लेकीसारखी नांदली. तिच्या वडिलांच्या अपघाती निधनाने आम्हांस अतीव दुःख झाले आहे." शुद्ध मराठी. एकही शब्द खरा नाही.

अर्ज भरणारा एजंट खूश झाला. "मॅडम, एक नंबर पत्र आहे. वडिलांचं राहू द्या आता. त्यात तुम्ही आधी पळून गेल्याचं वगैरे आहे, बरं दिसत नाही."

मी बाचं पत्र पाठवायला लावलं. एक अक्षर न बदलता. मग नवऱ्याला सांगितलं, तक्रार द्यायला चालले आहे.

"ते माझे वडील आहेत गं."

"मांडवात कुठे होते?"

"मग अर्ज संपला असं समज."

"समजले."

सासऱ्याचं पत्र मी पोलीस ठाण्यात टेबलावर ठेवलं. म्हणाले, हा अपघात नव्हता, लिहून घ्या. ठाणे अंमलदाराने दवाखान्याचा कागद पुढे सरकवला. "पडले, असं तुम्हीच सांगितलंय ना ताई?"

"मी खोटं बोलले. हेसुद्धा लिहा."

तो लिहीत नाही. आज चौथा दिवस. मी रोज येते, बाकावर बसते. तो लिहून घेईपर्यंत बसणार आहे.